जुनी रहस्यमालिका घरी आणताना: पैसे किती, पारख कशी

‘डिजिटली रीमास्टर्ड’, ‘फुल एचडी’, ‘फोर-के’ असे शिक्के मारलेल्या जुन्या मालिका आता डीव्हीडीच्या संचात मिळतात, मोबाइलवर मिळतात आणि कुणीतरी भरून दिलेल्या पेनड्राइव्हमध्येही मिळतात. रमेश भाटकरांची ‘हॅलो इन्स्पेक्टर’, बी. पी. सिंग यांची शिवाजी साटम असलेली ‘एक शून्य शून्य’, १९८५ सालचा पंकज कपूर यांचा गाजर खाणारा ‘करमचंद’, बासू चटर्जींनी १९९३ मध्ये आणलेली रजित कपूर यांची ‘ब्योमकेश बक्षी’ (त्यातली सत्यवती आपल्या सुकन्या कुलकर्णी) ही नावं निघाली की शहापूर-मुरबाडकडची पन्नाशी ओलांडलेली माणसं खिशात हात घालायला तयार होतात. खिशात हात घालण्याआधी काय पाहायचं, एवढ्यासाठी हा लेख.

प्रेमकथा किंवा पौराणिक मालिका थोडी धूसर दिसली तरी गोष्ट कळते. रहस्यमालिकेचं तसं नाही. टेबलावरची चिठ्ठी, पंचाच्या मागे उभा असलेला माणूस, गंजीफ्रॉकवरचा डाग, दारामागून आलेला कुजबुजता आवाज हे सगळे पुरावे असतात. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला जे दिसलं आणि ऐकू आलं, ते प्रेक्षकालाही दिसायला आणि ऐकू यायला हवं. नाहीतर शेवटचा उलगडा ही थाप वाटते. म्हणून चित्र किती चकचकीत आहे यापेक्षा पुरावा शाबूत आहे का, हीच रिस्टोअर केलेल्या प्रतीची खरी कसोटी.

पहिला प्रश्न: मूळ चित्रण कशावर?

जुन्या मालिका दोन प्रकारे चित्रित होत. काही सिनेमासारख्या फिल्मवर आणि बऱ्याचशा व्हिडिओ टेपवर. दूरदर्शनच्या काळात यू-मॅटिक आणि नंतर बीटाकॅम या टेप वापरात होत्या. हा फरक समजला की निम्मे पैसे वाचतात.

फिल्ममध्ये तपशील भरपूर असतो. ग्रॅनडा टेलिव्हिजनची जेरेमी ब्रेट यांची ‘शेरलॉक होम्स’ (१९८४ ते १९९४) आणि डेव्हिड सुशे यांची ‘प्वारो’ या मालिका १६ मिमी फिल्मवर, तर अमेरिकेची ‘कोलंबो’ ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली. त्यांची मूळ फिल्म नव्याने स्कॅन केली की हाय डेफिनिशनमध्ये खरोखर जास्त दिसतं. म्हणून या मालिकांच्या ब्लू-रेला अर्थ आहे.

व्हिडिओ टेपचं मात्र ठरलेलं माप आहे. आपल्याकडच्या पीएएल पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा, त्यांपैकी पडद्यावर दिसणाऱ्या ५७६. डीव्हीडीचं मापही तेवढंच, ७२० गुणिले ५७६. म्हणजे टेपवरच्या मालिकेतलं सगळं काही नीट केलेल्या साध्या डीव्हीडीत मावतं. तिचा ‘फोर-के’ करून विकला तर वाढीव ठिपके संगणकाने अंदाजाने भरलेले असतात. मूळ चित्रात नव्हतं ते कुठूनच येऊ शकत नाही.

तिसरा प्रकारही आहे: चित्रण फिल्मवर, पण संकलन टेपवर. अशा मालिकेची बाजारातली प्रत बहुधा टेपवरूनच येते. फिल्म पुन्हा काढून, स्कॅन करून, प्रत्येक भाग नव्याने जोडायचा तर खर्च प्रचंड. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’साठी तो केला गेला, आपल्याकडच्या मालिकेसाठी कुणी तसा दावा केला, तर डबीवर ‘मूळ निगेटिव्हवरून स्कॅन’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे का ते पाहा.

घरबसल्या ओळखायचं कसं? हालचाल पाहा. टेपवरच्या चित्रणात हालचाल सरसर, बातम्यांसारखी दिसते; फिल्मवरच्या चित्रणात सिनेमासारखी किंचित अडखळती. टेपवर मधूनच एखादी पांढरी आडवी रेघ चमकून जाते आणि लाल रंग कडेबाहेर ओघळतो. फिल्मवर बारीक दाणा आणि धुळीचे काळे-पांढरे ठिपके असतात. जुन्या मालिकांत घरातले प्रसंग टेपवर आणि बाहेरचे फिल्मवर असंही असे, त्यामुळे दोन्ही प्रकारचे प्रसंग पाहा.

दहा मिनिटांची तपासणी

विकत घेण्याआधी एखादा भाग किंवा निदान एखादी झलक पाहायला मिळते. ती मोबाइलवर पाहू नका. पाच-सहा इंचांच्या पडद्यावर सगळंच छान दिसतं. टीव्हीवर किंवा संगणकावर पाहा आणि या जागी थांबा.

*श्रेयनामावली.* देवनागरी अक्षरांच्या शिरोरेखेकडे बघा. रेघेच्या वर-खाली पांढरी किंवा काळी किनार दिसत असेल, तर चित्राला कृत्रिम धार लावली आहे. हीच किनार पुढे प्रत्येक चेहऱ्याभोवती आणि टोपीभोवती दिसत राहील.

*चेहरा.* जवळून घेतलेल्या दृश्यात कपाळावरच्या आठ्या, कानशिलावरचे केस आणि खाकी कापडाची वीण दिसते का? चेहरे मेणाचे वाटले, तर टेपवरची खरखर काढताना कातडीचा पोतही पुसला गेला आहे. आपल्याकडे भाताचं राज्य आहे, म्हणून तांदळाचंच उदाहरण घ्या: जास्त पॉलिश केलेला तांदूळ शुभ्र दिसतो, पण कोंड्याबरोबर त्यातलं सत्त्वही जातं. थोडी खरखर राहिलेली प्रत पुसून काढलेल्या प्रतीपेक्षा केव्हाही चांगली.

*रात्रीचा प्रसंग.* रहस्यमालिकेत निम्मं काम अंधारात चालतं. काळ्या भागात चौकोनी तुकडे थरथरताना दिसले, तर डिस्कमध्ये किंवा फाइलमध्ये जागेची काटकसर केली आहे. अंधारात उभा असलेला माणूस ओळखूच येत नसेल, तर चित्र उठावदार करण्याच्या नादात काळा रंग अतिगडद केला आहे. ही प्रत रहस्यमालिकेसाठी बाद.

*धावती जीप.* पाठलागाच्या दृश्यात कडांना आडव्या दातेरी रेषा दिसल्या, तर टेपवरच्या अर्धचित्रांची नीट उकल झालेली नाही. पीएएल टेपवर सेकंदाला २५ चित्रं असतात, आणि प्रत्येक चित्र सम व विषम रेषांच्या दोन अर्धचित्रांत विभागलेलं, म्हणजे सेकंदाला ५० अर्धचित्रं. चांगल्या प्रतीत या ५० चा उपयोग करून हालचाल मूळसारखी सरसर ठेवलेली असते. आळशी प्रतीत अर्धी चित्रं फेकून दिलेली असतात. मग रेषा जातात, पण हालचाल लंगडते आणि तपशीलही निम्मा होतो.

*थांबवलेलं चित्र.* संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ई’ ही कळ दाबली की एकेक चित्र पुढे सरकतं. चालणाऱ्या माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली दिसत असेल, तर ही प्रत परदेशातल्या एनटीएससी पद्धतीसाठी बदललेली आहे. फाइलच्या माहितीत सेकंदाला २५ किंवा ५० चित्रं दिसली तर ठीक, २९.९७ दिसली तर मूळ पीएएल मालिकेची ही बदललेली प्रत आहे. अनेक भारतीय डीव्हीडी परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी अशा केल्या गेल्या.

*चिठ्ठी, पाटी, वर्तमानपत्र.* पडद्यावर वाचायला दाखवलेला मजकूर वाचता येतो का? दिग्दर्शकाने तो प्रेक्षकाने वाचावा म्हणूनच दाखवलेला असतो. इथे नापास झालेली प्रत बाकी सगळ्यात पास झाली तरी उपयोग नाही.

चौकटीचा आकार

जुन्या मालिका ४:३ आकाराच्या, म्हणजे जवळजवळ चौकोनी. आजचे टीव्ही १६:९. योग्य प्रतीत डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे राहतात. ते दोष नव्हेत. पट्टे नको म्हणून दोन उपाय केले जातात आणि दोन्ही वाईट. चित्र ताणलं की माणसं एक तृतीयांशाने रुंद होतात, सडपातळ इन्स्पेक्टरही गोल गरगरीत दिसतो. वरून-खालून कापलं की चित्राचा चौथा हिस्सा जातो. रहस्यमालिकेत तळाशी दिसणारा हात किंवा वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ गेलं, तर कथेचा धागाच गेला.

ताणलेलं चित्र टीव्हीच्या सेटिंगमध्ये ४:३ निवडून सरळ करता येतं. कापलेलं परत येत नाही. डबीवर ‘वाइडस्क्रीन’ लिहिलेली आणि १९९० च्या दशकातली दूरदर्शन मालिका असेल, तर ती कापलेली आहे असं धरून चाला.

आवाज आणि बदललेलं संगीत

आवाज बिघडला तर मालिका बघवत नाही, पण तपासायचा मात्र तोच राहून जातो. चार गोष्टी पाहा. सलग घुंं असा आवाज येतो का? हा विजेच्या ५० हर्ट्‌झचा असतो आणि नीट काम करणारा माणूस तो सहज काढू शकतो. राहिला असेल तर आवाजावर कुणी मेहनतच घेतलेली नाही. बोलणं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं का? मग सफाई अति झाली. ओठ आणि शब्द जुळतात का? भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही ठिकाणी तपासा. कारण घसरण हळूहळू वाढत जाते. आणि शीर्षकसंगीत मूळचंच आहे का? हक्कांच्या भानगडीमुळे काही प्रतींत संगीत बदललेलं असतं.

कुजबुजीची परीक्षा घ्या. हेडफोन न लावता, पंखा चालू ठेवून, नेहमीच्या आवाजात. संवाद समजले नाहीत आणि पार्श्वसंगीताला मात्र आवाज कमी करावा लागला, तर घरातल्या ज्येष्ठांना ही प्रत त्रासदायक होणार.

भाग मोजा, मिनिटं मोजा

‘संपूर्ण संच’ या शब्दांवर विसंबू नका. त्या काळी टेप महाग असत. कार्यक्रम पुसून त्याच टेपवर नवीन कार्यक्रम चित्रमुद्रित करण्याची पद्धत दूरदर्शनमध्येही होती आणि बीबीसीमध्येही. त्यामुळे एखाद्या मालिकेचे काही भाग मुळातच उरलेले नसण्याची शक्यता असते. प्रामाणिक विक्रेता उपलब्ध भागांची यादी देतो. यादी नसेल तर मागा. दोन भागांच्या कथेचा पूर्वार्ध मिळाला आणि उत्तरार्ध नाही, यापेक्षा वाईट खरेदी नाही.

मग डिस्क किती, हे पाहा. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५. चांगल्या चित्रासाठी पहिलीत साधारण दोन तास, दुसरीत साडेतीन ते चार तास, असं धरा. समजा मालिका १६ तासांची आहे. एका थराच्या आठ किंवा दोन थरांच्या चार-पाच डिस्क असतील तर हिशेब बरोबर. तीनच डिस्क असतील, तर प्रत्येकीत सव्वापाच तासांहून जास्त कोंबलेलं आहे. एका थराच्या डिस्कवर तेवढ्यासाठी सेकंदाला जेमतेम दोन मेगाबिट उरतात आणि अंधाराचे प्रसंग चौकोनी होतात. डबी उघडण्याआधी एवढा हिशेब दुकानात उभ्या-उभ्या करता येतो.

डबीवर आणखी तीन गोष्टी वाचा. पहिली, विभाग क्रमांक. भारताचा डीव्हीडी विभाग ५, अमेरिकेचा १, ब्रिटनचा २. ब्लू-रेमध्ये भारत ‘सी’, ब्रिटन ‘बी’, अमेरिका ‘ए’. नातेवाइकाने अमेरिकेहून आणलेला ‘ए’ विभागाचा संच इथल्या साध्या प्लेअरवर चालणार नाही. दुसरी, छापील कमाल किंमत, निर्मात्याचं नाव-पत्ता आणि ग्राहकसेवेचा क्रमांक. तिसरी, हक्कधारक कोण. दूरदर्शनच्या मालिकेवर प्रसार भारतीचा किंवा निर्मात्याचा उल्लेख नसेल, तर हातातली वस्तू चोरीची प्रत असण्याचीच शक्यता जास्त.

खर्च: चार वाटा

पुढचे आकडे अंदाजपत्रक मांडण्यासाठी आहेत. दुकानागणिक फरक पडेल. सगळ्या वाटा एकाच मापाने मोजा: एकूण खर्च भागिले प्रत्यक्ष पाहण्याचे तास.

*पहिली वाट, अधिकृत आणि फुकट.* प्रसार भारतीने आपल्या संग्रहातले बरेच कार्यक्रम यूट्यूबवर ठेवले आहेत, आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवात ‘वेव्ह्ज’ हे स्वतःचं ॲपही सुरू केलं. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ‘ब्योमकेश बक्षी’ दूरदर्शनवर पुन्हा दाखवली गेली. डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. संच आणि छत्री बसवण्याचा एकदाच साधारण दीड ते दोन हजार खर्च येतो. पण तिथे मालिका कधी लागेल हे आपल्या हातात नाही.

मोबाइल डेटाचा हिशेब असा: ४८०पी दर्जाला तासाला अर्धा ते पाऊण जीबी, ७२०पी ला एक ते दीड जीबी. रोज दीड जीबीचं पॅक आधीच असेल, तर ४८०पी वर रोज दोन तास बघून १६ तासांची मालिका आठ दिवसांत संपते आणि जादा खर्च शून्य. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. यूट्यूब सेकंदाला ५० चित्रं ७२०पी किंवा त्यावरच्याच दर्जाला दाखवतं. टेपवरच्या मालिकेचा ‘एचडी’ दर्जा खरा नसला, तरी तो निवडल्याने हालचाल मूळसारखी मिळू शकते आणि चौकोनी तुकडेही कमी होतात. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई अशा डोंगराच्या अंगाच्या गावांत रेंज मध्येच जाते; तिथे ॲपमध्ये भाग उतरवून ठेवायची सोय असेल तर रात्री उतरवा आणि दुसऱ्या दिवशी पाहा.

*दुसरी वाट, डीव्हीडी संच.* जुन्या मालिकांचे संच साधारण काही शे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत जातात. घरात प्लेअर नसेल तर तो दोन ते चार हजारांना, किंवा लॅपटॉपला जोडायचा बाह्य ड्राइव्ह दीड ते अडीच हजारांना. टीव्हीला लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांची जागा आहे की फक्त एचडीएमआय, ते घरून बघून निघा. नाहीतर आणखी एक जोडणी विकत घ्यावी लागेल. हिशेब करा: १,२०० चा संच आणि २,००० चा ड्राइव्ह, मिळून ३,२००. १६ तासांना तासाला २०० रुपये. दुसरी मालिका घेतली की ड्राइव्हचा खर्च वाटला जातो. इंटरनेट बेभरवशाचं असलेल्या घराला ही वाट अजूनही परवडते, आणि एकदा घेतलेली डिस्क कुठलीही कंपनी ॲपवरून काढून टाकू शकत नाही.

*तिसरी वाट, परदेशी ब्लू-रे.* फिल्मवर चित्रित झालेल्या ‘होम्स’, ‘प्वारो’, ‘कोलंबो’साठीच विचार करा. संचाची किंमत, टपालखर्च, सीमाशुल्क आणि त्या विभागाची डिस्क वाचणारा प्लेअर धरून खर्च सहज पाच आकडी होतो. पडदा ४० इंचांपेक्षा लहान असेल, तर चांगल्या डीव्हीडीशी फरक फारसा जाणवणार नाही. पडदाच बदलायचा विचार असेल, तर ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. भाव विचारताना जुन्या किमतीवरची सूट आणि कराची घट असे दोन वेगळे आकडे विचारा.

*चौथी वाट, भरून दिलेला पेनड्राइव्ह.* पाच-सातशे रुपयांत ‘सगळ्या मालिका’. ही वाट टाळा. चित्र तिसऱ्या-चौथ्या हातचं असतं, पावती नसते, आणि कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार अशा प्रती विकणं गुन्हा आहे: कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड.

खर्चाआधी फुकटचा उपाय

प्रतीला नावं ठेवण्याआधी आपला टीव्ही तपासा. दुकानात उठून दिसावा म्हणून टीव्ही भडक सेटिंगवर येतो. चित्राचा प्रकार ‘मूव्ही’ किंवा ‘सिनेमा’ करा. ‘शार्पनेस’ अक्षरांभोवतीची किनार जाईपर्यंत खाली आणा. खरखर कमी करणारी आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. या चार बदलांनंतर पुष्कळदा ‘वाईट’ प्रत बरी निघते आणि ‘चकचकीत’ प्रतीचं पितळ उघडं पडतं.

घरातली व्हीएचएस कॅसेट

आपल्याकडच्या कपाटांत लग्नाच्या कॅसेटच्या शेजारी दूरदर्शनवरून घरीच रेकॉर्ड केलेली एखादी मालिकाही असू शकते. ती फेकू नका. बीबीसीने पुसलेल्या ‘डॉक्टर हू’च्या भागांचा आवाज टिकला तो प्रेक्षकांनी घरी केलेल्या ध्वनिमुद्रणांमुळेच. कदाचित तुमच्याकडचा भाग अधिकृत संचात नसेल.

व्हीएचएसमध्ये तपशील कमी, आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांइतकाच. त्यामुळे अपेक्षाही बेतानेच ठेवा. घाई मात्र करायला हवी. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. चालू यंत्रं आणि ती दुरुस्त करणारे हात दोन्ही कमी होत आहेत. त्यात आपल्या पावसाळ्याची ओल. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली, तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालून बघू नका. टेप फाटते, आणि यंत्राच्या हेडला लागलेली बुरशी पुढच्या कॅसेटला लागते.

डिजिटल करून घ्यायचा दर तीन तासांच्या कॅसेटला साधारण अडीचशे ते सहाशे रुपये धरा. बुरशी साफ करणं, तुटलेली टेप जोडणं वेगळं. दर विचारण्याआधी हे विचारा:

– यंत्र साफ कधी केलं? माझ्या कॅसेटआधी बुरशीची कॅसेट चालवली होती का?
– फाइल ७२० गुणिले ५७६ मध्ये, सेकंदाला २५ चित्रांनी, मूळ सम-विषम अर्धचित्रांसह देणार का? ‘एचडी करून देतो’ या उत्तरावर खूश होऊ नका.
– सफाई न केलेली मूळ फाइल वेगळी मिळेल का? सफाई नंतर कधीही करता येते. पुसलेलं परत येत नाही.
– कॅसेट परत कधी, आणि खराब झाली तर भरपाई काय? बऱ्याच पावत्यांवर ‘फक्त कोऱ्या कॅसेटची किंमत’ असं छापलेलं असतं. ते सही करण्याआधी वाचा.

जागेचा हिशेबही ठेवा. डीव्ही पद्धतीची फाइल तासाला सुमारे १३ जीबी घेते, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला ४० जीबी. डीव्हीडीच्या दर्जाची फाइल तासाला दोन-सव्वादोन जीबी. दहा कॅसेट असतील तर एक टीबीची बाह्य हार्डडिस्क, साधारण साडेचार ते साडेसहा हजार. दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा. मुलगी वाशिंदला आणि तुम्ही सरळगावला असाल, तर एक तिथे, एक इथे.

घरी करायचं तर हजाराच्या आतली कॅप्चर यूएसबी मिळते, पण चालू व्हीसीआर लागतो आणि तीन तासांच्या टेपला तीनच तास बसावं लागतं. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. पाचपेक्षा कमी कॅसेट असतील तर हे काम बाहेर देणं स्वस्त पडतं.

नेण्या-आणण्याचा खर्चही यात धरा. शहापूरकरांना आसनगावहून लोकल. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणपर्यंत एसटी. सोपवायला एक आणि आणायला एक अशा दोन फेऱ्या होतात, म्हणून शेजारपाजारच्या कॅसेट गोळा करून एकत्र न्या. संख्या वाढली की दरही उतरवता येतो. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे, हे घरात काम वाटून देताना लक्षात घ्या. कॅसेट उभ्या, कोरड्या पिशवीत न्या आणि स्पीकरसारख्या चुंबक असलेल्या वस्तूंपासून दूर ठेवा. घरी सिलिका जेलची पुडी चालते, डांबरगोळ्या नकोत.

फसलात तर

‘संपूर्ण’ म्हणून विकलेल्या संचात भाग कमी निघाले, ‘मूळ आकार’ म्हणून कापलेलं चित्र निघालं, किंवा दुकानदाराने कॅसेट हरवली, तर ही सदोष वस्तू किंवा सेवा आहे. त्यासाठी खरेदीच्या वेळीच पुरावा जमवा. पावती घ्या. २० लाखांखाली उलाढाल असलेल्या लहान स्टुडिओला जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, पण साध्या कागदावर तारीख, कॅसेटची संख्या, दर आणि सही मिळालीच पाहिजे. ऑनलाइन मागवलं असेल तर जाहिरातीच्या पानाचा फोटो काढून ठेवा आणि पार्सल उघडताना व्हिडिओ घ्या.

तक्रार आधी विक्रेत्याकडे, लेखी. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार ऑनलाइन कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. तिथे दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढची पायरी ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, आणि तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरूनही दाखल होते.

कोणी काय करावं

एकदा आठवण म्हणून बघायची आहे, त्यांनी एक रुपयाही खर्चू नये: अधिकृत यूट्यूब वाहिनी किंवा ‘वेव्ह्ज’, टीव्हीचं सेटिंग नीट करून, शक्य तिथे ७२०पी वर.

पुन्हा पुन्हा बघणार आहात, घरात इंटरनेट धड नाही किंवा आई-वडिलांसाठी घ्यायचं आहे, तर भागांची यादी आणि डिस्कची संख्या तपासून डीव्हीडी संच घ्या. टेपवरच्या मालिकेला त्याहून महागडी प्रत नको.

मोठा पडदा आहे आणि इंग्रजी रहस्यमालिकांचा शौक आहे, तर फिल्मवरून नव्याने स्कॅन केलेली ब्लू-रे. आधी विभाग क्रमांक, मग किंमत.

घरात रेकॉर्ड केलेली कॅसेट असेल, तर बाकी सगळी खरेदी थांबवून आधी तिचे पैसे बाजूला काढा. डीव्हीडीचा संच पुढच्या वर्षीही मिळेल. कॅसेट मात्र जुलैच्या आत डिजिटल करून घ्या, कारण प्रत्येक पावसाळ्यागणिक ती साफ करण्याचा खर्च वाढतो आणि तिच्यातून मिळणारं चित्र कमी होतं.